कवच सुरू झाले आहे

संदेश शर्वरीच्या फोनवर आलाच नाही. तो आला तिच्या सासूच्या फोनवर.

मालनबाई साळुंखे त्या वेळी दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. फोन वाजला तसा त्यांनी पदराला हात पुसला आणि संदेश वाचला. ‘अभिनंदन. आपल्या कुटुंबातील शर्वरी धैर्यशील साळुंखे यांचे अंकुर कवच आजपासून सुरू झाले आहे. गर्भारपणातील सर्व तपासण्या, औषधे व उपचार मोफत मिळतील.’

त्यांनी तो पुन्हा वाचला. त्यांचा मुलगा धैर्यशील चैत्रातली गावची यात्रा करून कोइमतूरला गेला होता. विट्याकडची शेकडो माणसं जातात तसा तोही गलाईच्या धंद्यात होता. सराफांकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, हे त्याचं काम. दिवाळीला दुकान सोडता आलं नाही म्हणून तो आला नव्हता. आता मार्गशीर्ष चालू होता.

शर्वरी कारखान्यातून परत आली तेव्हा मालनबाईंनी फोन तिच्यापुढे धरला. शर्वरीने वाचलं आणि ती हसली.

“चुकून आलंय, आत्या. यंत्रच आहे ते.”

ते हसणं मालनबाईंच्या मनात रुतून बसलं. पुढचे कितीतरी दिवस त्यांना वाटत राहिलं, की निर्दोष बाई अशा वेळी हसली नसती.

शर्वरीला मात्र खरोखरच काही वाटलं नव्हतं. ती विट्याच्या एका कापड कारखान्यात तपासणी विभागात होती. तिथला कॅमेरा धावत्या कापडातले दोष शोधायचा आणि शर्वरी ते पुन्हा डोळ्यांनी बघायची. कॅमेऱ्याने दाखवलेल्या जागी दोष असतोच असं नाही, हे ती रोजच अनुभवत होती. मनगटातलं कडं तरी वेगळं काय असणार, असं तिला वाटलं.

हे कडं श्रावणात त्यांच्या कडेवस्तीत आलं होतं. सरकारने गावोगाव मांडव घालून ते वाटलं. त्याच्या आतल्या बाजूला कागदासारखा पातळ थर होता, तो घामातली संप्रेरकं ओळखायचा. गर्भ गर्भाशयाच्या भिंतीला चिकटला, की त्याच्याभोवतीच्या पेशी एक खास संप्रेरक सोडू लागतात. याच पेशींची पुढे बाळाला पोसणारी वार तयार होते. पाळी चुकायच्याही आधी ते संप्रेरक रक्तात, आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात घामात उतरतं. कड्याला त्याचा माग लागला, की ते थेट आरोग्य खात्याच्या संगणकाला कळवायचं आणि बाईचं विम्याचं कवच त्याच क्षणी सुरू व्हायचं. लग्नाचा दाखला नको, रेशनकार्ड नको, तिसऱ्या महिन्यापर्यंत थांबणं नको. आधी उपचार, मग चौकशी, असं योजनेचं धोरण होतं. नुसत्या कागदांपायी पहिले तीन महिने उपचाराविना गेल्यामुळे कितीतरी बायका दगावल्या होत्या, म्हणून हा बदल झाला होता.

शर्वरीला तो बदल जवळून समजत होता. आदल्या माघात तिचं तिसऱ्या महिन्यात पोट पडलं होतं. तेव्हा जुनी योजना होती. धैर्यशीलने रेशनकार्ड कोइमतूरला हलवलेलं, त्यामुळे तिची नोंदणी ना इथे ना तिथे अशी लटकली. विट्यातल्या एका छोट्या दवाखान्यात कसंबसं निभावलं आणि पुढच्या तपासण्या राहूनच गेल्या. म्हणूनच मांडवात सगळ्यात आधी कडं घालून घेणाऱ्यांत ती होती.

संदेश मात्र घरच्या मोठ्या माणसाच्या फोनवर जायचा. ही गोड बातमी, घरच्यांना आनंदच होईल, असं नियम ठरवणाऱ्याला वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मालनबाई तिला घेऊन उपकेंद्रात गेल्या. सिस्टरने लघवीची तपासणी केली. पट्टीवर आधी एक रेघ उठली, मग दुसरी. सिस्टर हसून काहीतरी बोलायला गेली आणि मालनबाईंचा चेहरा बघून गप्प झाली.

बाहेर आल्यावर, वडाच्या पाराजवळ, मालनबाई थांबल्या.

“कुणाचं हाय?”

“आत्या, काहीच नाहीये. मी कुणाच्या—”

“दोन-दोन यंत्रं खोटं बोलत्यात आन तू एकटी खरं?”

त्या पुढे चालू लागल्या. घरी जाईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

*

त्यानंतर मालनबाईंनी प्रश्न विचारणं बंद केलं आणि त्या बघायला लागल्या. शर्वरी ताटात काय टाकते, काय मागून घेते, न्हाणीत किती वेळ लावते, फोनवर बोलताना कुठे उभी राहते. एकदा सुटीच्या वेळी शर्वरी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली, तर समोरच्या उसाच्या रसाच्या गाड्यामागे ओळखीचं लुगडं दिसलं. डोक्यावरून पदर ओढून मालनबाई उभ्या होत्या. सून कुणाच्या गाडीवर बसते ते बघायला त्या बसने विट्याला आल्या होत्या. शर्वरीने पाहिलं नाही असं दाखवलं आणि ती नेहमीच्या वडापच्या जीपमध्ये बसली. दोघी मागेपुढे घरी आल्या. 

संशय एकाच बाजूचा राहिला नाही. मालनबाईंनी दिलेला सकाळचा चहा शर्वरीला कडवट लागायला लागला. घरातली अब्रू वाचवायला जुन्या बायका काय काय उगाळून देतात ते तिने माहेरी ऐकलं होतं. ती कप घेऊन मागच्या बाजूला जायची आणि चहा मोरीत ओतून यायची.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःचाही संशय यायला लागला. दिवाळीनंतर चुलत नणंदेच्या लग्नाला ती कराडला गेली होती. सर्दी-खोकल्याने बेजार होती म्हणून कुणीतरी दिलेली गोळी घेऊन ती वरच्या खोलीत झोपली, ती मांडव उठल्यावरच जागी झाली. खोलीला कडी नव्हती. गोळी कुणी दिली होती? जिन्यावर कोण कोण होतं? ती काम करताना एकेक चेहरा आठवायची. कापड पुढे निघून जायचं आणि कॅमेऱ्याचे लाल ठिपके तसेच राहायचे. ज्या माणसांनी तिच्याबद्दल कधी वाकडा शब्द उच्चारला नव्हता, त्यांची तिला किळस यायला लागली. मग त्यांच्याविषयी असं वाटल्याबद्दल स्वतःची.

धैर्यशीलला तिने आपणहून सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं, असा विचार करून. तिकडे भट्टीचा पंखा चालू होता.

“तसलं कडं चुकत नाही म्हणतात,” तो म्हणाला.

“इथे चुकलंय.”

“आईला काय वाटतंय?”

“तुम्हाला काय वाटतंय ते विचारतेय मी.”

“मी इतक्या लांबून काय सांगू, शर्वरी?” असं म्हणून त्याने गिऱ्हाईक आल्याचं कारण दिलं.

*

कवचाच्या संगणकाने मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातली सोनोग्राफीची वेळ आपणच ठरवून पाठवली. मालनबाई बरोबर आल्या. सोबत म्हणून आल्या की पहारा म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

डॉ. सलमा बागवान पडद्याकडे बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी मालनबाईंना बाहेर बसायला सांगितलं.

“गर्भाशय रिकामं आहे,” त्या म्हणाल्या. “नळ्यांमध्येही काही दिसत नाही. मला खरं सांगा, काही गोळ्या घेतल्यात? मी कुणाला सांगणार नाही.”

“तुम्हीसुद्धा तेच विचारताय,” शर्वरी म्हणाली. तिला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हा खोकला कधीपासून आहे?”

“दिवाळीपासून. कारखान्यात कापसाची धूळ असते.”

“आधी कधी दिवस गेले होते?”

शर्वरीने माघातली हकिगत सांगितली. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की डॉक्टरांच्या नजरेतला मघाचा संशय गेला होता आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं होतं. त्याची तिला जास्त भीती वाटली.

रक्त घेतलं गेलं, छातीचा फोटो काढला गेला. दोन दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं. संप्रेरकाचा आकडा कोणत्याही सरळ गर्भारपणात चढावा त्यापेक्षा भलत्याच वेगाने चढत होता. छातीच्या फोटोत, फुप्फुसांवर, कापसाच्या बोंडासारखे गोल ठिपके होते.

या वेळी डॉक्टरांनी मालनबाईंनाही आत बोलावलं.

“तुमच्या सुनेला दिवस गेलेले नाहीत,” त्या म्हणाल्या. “मागच्या माघात जो गर्भ पडला, त्याच्या वारेच्या काही पेशी आत राहिल्या. वारेच्या पेशींचं कामच असतं आईच्या अंगात मुळं रोवायची. गर्भ असतो तोवर त्या ठरावीक जागी थांबतात. क्वचित एखादीला थांबायचं कळत नाही. ती कित्येक महिने गप्प राहते आणि मग वाढायला लागते, रक्तातून फुप्फुसात जाते. हा कर्करोगच आहे. पण या पेशी अजून स्वतःला वारच समजतात. म्हणून गर्भारपणाचं संप्रेरक सोडत राहतात. कड्याने ते ओळखलं. कड्याला फक्त संप्रेरक कळतं, बाळ कळत नाही.”

“मरंल का ही?” मालनबाईंनी विचारलं.

“आत्ता उपचार सुरू केले तर जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या होतात. पुढे मूलही होतं. पण याच आठवड्यात इंजेक्शनं सुरू करायला हवीत. हा आजार थांबत नाही.”

बसमध्ये शर्वरी खिडकीकडे बसली होती. तासगाव मागे पडल्यावर मालनबाई म्हणाल्या, “डॉक्टरीण तुझ्या वळखीची हाय का?”

शर्वरीने मान फिरवून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

*

दोन दिवसांनी तपासनीस घरी आल्या. हुक्केरी मॅडम म्हणून त्या साऱ्या तालुक्याला माहीत होत्या. योजनेचा संगणक काही नोंदी बाजूला काढायचा आणि त्या ठिकाणी यांना पाठवायचा. पोट रिकामं, संप्रेरक वाढतंय, नवरा परराज्यात: ही नोंद त्याने लगेच बाजूला काढली होती. डॉ. बागवानांनी ‘गर्भाशी संबंधित’ एवढंच लिहून गर्भाच्या जागेचा रकाना कोरा ठेवला होता. त्या कोऱ्या रकान्याची चौकशी करायला हुक्केरी मॅडम आल्या होत्या.

त्या ओसरीवर बसल्या आणि मांडीवर टॅबलेट ठेवला. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजारच्या दोघी धुणं वाळत घालायला आल्या आणि तिथेच रेंगाळल्या.

शर्वरीने आजाराचं सगळं सांगितलं. हुक्केरी मॅडमनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

“मला वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण हे कवच गर्भारणीचं आहे, आजाराचं नाही. गर्भ नाही असं मी लिहिलं, की आज संध्याकाळी ते बंद होईल.”

“मग कर्करोगाची दुसरी योजना असेल ना?”

“आहे. तिला रेशनकार्ड लागतं. तुमचं कोइमतूरला आहे. नाव इकडे आणायचं तर नवऱ्याची संमती, तिकडचा दाखला. महिना-दोन महिने धरून चाला.”

“डॉक्टर म्हणतात याच आठवड्यात.”

“मी डॉक्टर नाही.” हुक्केरी मॅडमनी चष्मा वर सरकवला. मग टॅबलेटवरचा एक नियम वाचून दाखवला. “‘स्त्रीने मी गरोदर आहे असे स्वतः सांगितल्यास पुढील सहा महिने तिच्याकडे कोणताही पुरावा मागू नये व उपचार थांबवू नयेत.’ लग्न न झालेल्या, टाकून दिलेल्या बायकांना त्रास होऊ नये म्हणून केलाय हा.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, त्यांनी तोच नियम पुन्हा एकदा सावकाश वाचला.

“आता मी विचारते. तुमचा आवाज यात नोंदला जाईल. शर्वरी साळुंखे, तुम्ही गरोदर आहात का?”

भिंतीपलीकडे कपडे झटकल्याचा आवाज थांबला.

संदेश आल्यापासून शर्वरी एकच शब्द बोलत आली होती. नाही. सासूला नाही, सिस्टरला नाही, नवऱ्याला नाही. तो एक शब्द तेवढा तिच्याकडे उरला होता. आता तो बाहेर टाकून दिला तर उद्या सगळ्या वस्तीत तिचं तोंड काळं होणार होतं, आणि पुढे कुणी कितीही रिपोर्ट दाखवले तरी लोक हेच म्हणणार होते, की तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. तिने तोंड उघडलं.

“हाय,” मालनबाई म्हणाल्या.

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या पुढे म्हणाल्या, “दिवस गेल्यात तिला. माझी सून हाय. ल्हिवा.”

“त्यांनी स्वतः सांगायला हवं, मावशी.”

शर्वरीने सासूकडे पाहिलं. मालनबाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

“हो,” शर्वरी म्हणाली. “मी गरोदर आहे.”

हुक्केरी मॅडमनी टॅबलेट बंद केला, पाणी मागून घेतलं आणि त्या निघून गेल्या.

*

धैर्यशीलचा फोन त्याच संध्याकाळी आला.

“गावातून दोघांनी कळवलं. तू स्वतः हो म्हणालीस म्हणे.”

“मी तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आधीच सांगितलंय.”

“मग तिथं हो का म्हणालीस?”

“जगायचं होतं म्हणून.”

त्याला ते पटलं नाही. खोटं एका ठिकाणी बोलता येतं तर दुसऱ्या ठिकाणीही येतं, असं काहीसं तो बोलला. मग त्याचे फोन थांबले.

इंजेक्शनं सुरू झाली. दर खेपेला मालनबाई बसमध्ये शेजारी बसायच्या, दवाखान्याच्या बाकड्यावर वाट बघायच्या. वस्तीतल्या बायका शर्वरी दिसली की बोलणं थांबवायच्या. तिच्या पोटाकडे बघायच्या. पोट वाढेना तसं पाडलं असेल म्हणायला लागल्या. औषधाने तिच्या तोंडात फोड आले, घास गिळवेना. मालनबाई तांदळाची पेज करून वारा घालून निववायच्या. एकदा शर्वरीने त्यांना चहाचं सांगून टाकलं, की तुम्ही काही घालत असाल म्हणून मी ओतून देत होते. मालनबाईंनी पेजेची वाटी खाली ठेवली. “गवती चहा हुता,” त्या म्हणाल्या. “तुझ्या खोकल्यासाठी.”

आकडा हळूहळू उतरायला लागला. छातीच्या फोटोतले ठिपके फिके झाले.

माघ संपता संपता डॉ. बागवानांनी शर्वरीला एकटीला बोलावलं. “तुमच्या मिस्टरांचा मला फोन आला होता. त्यांनी विचारलं, हा आजार मागच्याच गर्भातून आला हे सिद्ध करता येईल का. मी उत्तर दिलेलं नाही, आधी तुम्हाला सांगते. येईल. वारेच्या पेशी तुमच्या एकटीच्या नसतात, त्यांत बापाची जनुकंही असतात. या आजारातही ती राहतात. रक्तात त्या पेशींचे तुकडे फिरत असतात. ते गाळून काढायचे आणि तुमच्या मिस्टरांच्या लाळेशी ताडून बघायचे. पण रक्त तुमचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर होणार नाही.”

शर्वरीने बाही वर केली. “घ्या.”

“निकाल कुणाला पाठवू?”

“त्यांनाच. मला माहीत आहे तो.”

धैर्यशील फाल्गुनात आला. दारातच त्याचे डोळे भरून आले. त्याने पिशवीतून एक नाजूक साखळी काढली, स्वतः गाळलेल्या सोन्याची. म्हणाला, “माझंच होतं गं ते.”

“हो. मी तेच सांगत होते.”

“मला आतून माहीतच होतं. पण लोक काय काय…” तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्याचा आनंद होता. मनापासूनचा होता.

“निकाल कधी आला?” तिने विचारलं.

“परवा.”

“आणि गाडीत कधी बसलात?”

“परवाच. लगेच निघालो.”

शर्वरीने मान हलवली. तिने त्याला जेवू घातलं, त्याची विचारपूस केली. तो चार दिवस राहिला. निघताना म्हणाला, उपचार संपले की कोइमतूरला ये, मोठी खोली घेतलीय. ती म्हणाली, “मला इथलं काम सोडायचं नाही. पुढचं पुढे बघू.” त्याने साखळी देव्हाऱ्यात ठेवली आणि तो गेला. तिने ती कपाटात ठेवून दिली, गळ्यात घातली नाही.

पुढे डॉ. बागवानांनी पाठपुरावा केला आणि गर्भातून उद्भवलेले आजारही कवचात आले. शर्वरी बरी झाली. ‘हो’ची ती नोंद मात्र संगणकात तशीच राहिली. आवाजाच्या नोंदी पुसायची सोय योजनेत नव्हती.

धैर्यशील गेला त्या दुपारी दोघी अंगणात पापड वाळत घालत होत्या. जाताना त्याने निकालाचा कागद आईसाठी ठेवला होता. तो ओसरीवर घडी न उलगडता पडला होता.

“आत्या, वाचणार नाही का?”

“काय करायचंय वाचून.”

शर्वरी थोडा वेळ पापड सरळ करत राहिली. मग तिने विचारलं, “त्या मॅडम आल्या होत्या त्या दिवशी… तुम्हाला काय वाटत होतं? मी खरं बोलतेय असं वाटत होतं?”

मालनबाईंनी उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं. खोटं बोलायचं असतं तर तेवढा वेळ पुरेसा होता.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “बाहेरचंच हाय आसं वाटत हुतं.”

“तरी हो म्हणालात?”

“तुला मरू देऊन मग खरं-खोटं कुणाला इचारायला जाणार हुते मी?”

 शर्वरीने परातीतला पुढचा पापड उचलून सासूच्या हातात दिला.